ठिपके असले की हात चालत असे

माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवताना चेतासंस्थेचा धडा मी एकोणीस वर्षे एकाच आकृतीच्या आधाराने शिकवला. फळ्यावर वर मेंदू, खाली हात, मध्ये मेरुरज्जू आणि मेंदूपासून हातापर्यंत उतरणारा एक बाण. मेंदू आज्ञा देतो, चेतातंतू ती वाहून नेतात, स्नायू आकुंचन पावतात आणि हात हलतो. ही आकृती चुकीची नाही. पण तिच्यात एक जागा रिकामी आहे आणि ती रिकामी आहे हे मला सप्टेंबर २०२२ पर्यंत कळले नव्हते. त्या महिन्यात माझ्या मेंदूच्या डाव्या गोलार्धातील एक गाठ काढण्यात आली. त्यानंतरचे कित्येक दिवस मला हात हलवायचा असे, स्नायूंमध्ये बळ होते, मेंदूपासून हातापर्यंतची वाटही अखंड होती आणि तरीसुद्धा उजवा हात आपण होऊन उठत नव्हता. ज्यांच्या घरात असे काही घडले आहे किंवा घडणार आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे.

सुरुवात जुलैमध्ये नववीच्या वर्गात झाली. फळ्यावर लिहिता लिहिता माझा उजवा हात खांद्यातून वर उचलला गेला, कोपरात वाकून ताठ झाला, मान उजवीकडे वळली आणि बोलणे तुटले. भान पूर्णपणे शाबूत होते. पहिल्या बाकावरची मुलगी उठून उभी राहिलेली मला दिसत होती, बाहेर पडणाऱ्या पावसाचा आवाज येत होता, पण ‘थांबा’ एवढा एक शब्द तोंडातून बाहेर पडेना. अर्ध्या मिनिटात सगळे सुटले. ज्या डॉक्टरांना आधी दाखवले त्यांनी ताण आणि अपुरी झोप असे निदान करून गोळ्या लिहून दिल्या. भान जात नाही, तोंडाला फेस येत नाही, त्यामुळे ही फिट असू शकेल असे त्यांना वाटले नाही. पुढच्या तीन आठवड्यांत झोपेत असेच दोनदा झाले आणि माझ्या यजमानांनी हट्टाने मला पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी हात कसा उचलला गेला ते मला करून दाखवायला सांगितले, ते पाहिले आणि लगेच एमआरआय करण्यास सांगितले. मोठ्या सुपारीएवढी, सावकाश वाढणारी गाठ होती.

ज्यांनी पुढे शस्त्रक्रिया केली, त्या डॉक्टरांनी कागदावर मेंदू काढून मला गाठीची जागा समजावून दिली. एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत केसांना पट्टा लावावा, तशी प्रमस्तिष्काच्या, म्हणजे मोठ्या मेंदूच्या, पृष्ठभागावर एक पट्टी असते. तो मोटर कॉर्टेक्स, म्हणजे प्रेरक भाग. तिच्यात शरीराचे अवयव उलटे मांडलेले असतात. पाय सर्वांत वर, दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत; मग धड, हात, बोटे आणि कानाच्या दिशेने खाली चेहरा व जीभ. ज्या अवयवाचे काम नाजूक त्याला जागा जास्त, म्हणून एकट्या अंगठ्याची जागाही पाठीच्या मानाने मोठी असते. कॅनडातील माँट्रिआल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड आणि त्यांचे सहकारी एडविन बोल्ड्री यांनी केवळ स्थानिक भूल दिलेल्या, जाग्या असलेल्या १६३ रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतप्रवाहाने स्पर्श करून हा नकाशा तयार केला आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याही आधी, १८७० मध्ये, बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्यांच्या मेंदूवर हाच प्रयोग केला होता. विशिष्ट जागेला प्रवाह लावला की विरुद्ध बाजूचा विशिष्ट अवयव हलतो, हे तेव्हा प्रथम ठामपणे दिसले.

माझी गाठ मात्र या पट्टीत नव्हती. पायाच्या जागेच्या जरा पुढे, त्याच मधल्या फटीत, आणखी एक भाग असतो. पेनफिल्ड यांनीच त्याला सप्लिमेंटरी मोटर एरिया हे नाव दिले. मराठीत त्याला पूरक प्रेरक क्षेत्र म्हणता येईल. रुग्णालयात सगळे एसएमए म्हणत. गाठ तिथे होती. ‘पूरक’ या शब्दाने मला थोडा दिलासा वाटला, कारण पूरक म्हणजे मुख्य नव्हे. डॉक्टरांनी माझा तो गैरसमज तेव्हाच दूर केला. ते म्हणाले, “ताई, ही गाठ काढली की तुमचा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणे काही दिवस थांबेल. तुम्हाला वाटेल की अर्धांगवायू झाला. तो अर्धांगवायू नसेल. मोटर कॉर्टेक्स आणि तिथून निघणारे तंतू आपण सांभाळले, तर बहुतेक सगळे परत येते. पण ते दिवस कठीण जातात, आणि ते तुमच्यापेक्षा घरच्यांना जास्त समजावून सांगावे लागते.” पॅरिसमध्ये लाप्लान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अशा तीन रुग्णांची तपशीलवार हकिकत मांडली होती. आधी सगळे थांबते, मग हळूहळू परत येते आणि शेवटी दोन्ही हातांच्या आलटून-पालटून होणाऱ्या हालचालींत थोडी अडचण मागे उरते, असे तीन टप्पे त्यांनी नोंदवले होते. माझ्या बाबतीत पुढे जे घडले ते याच क्रमाने घडले.

शस्त्रक्रियेपूर्वी एक वेगळा एमआरआय झाला, ज्यात काम करणाऱ्या भागाकडे रक्तपुरवठा वाढतो तो टिपला जातो. यंत्रात पडून वीस सेकंद अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, वीस सेकंद स्वस्थ राहायचे, असे कितीतरी वेळा केले. मग बोटे जराही न हलवता तेच करत असल्याची केवळ कल्पना करायला सांगितले. नंतर मला चित्रे दाखवली. बोटे खरोखर हलवली तेव्हा मोटर कॉर्टेक्समधील हाताची जागा आणि मधल्या फटीतील एसएमए असे दोन्ही भाग उजळले होते. कल्पना केली तेव्हा मुख्यतः एसएमए. डेन्मार्कमध्ये रोलँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मेंदूतील रक्तप्रवाह मोजून हेच दाखवले होते. स्वतःच्या मेंदूचे ते चित्र पाहून मी बराच वेळ गप्प बसले. तबल्याचा बोल मनात म्हणावा तशी हालचाल आधी मनात म्हटली जाते, आणि ती म्हणणारी जागा वेगळी आहे, हे मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतक्या स्पष्टपणे वाचले नव्हते.

अनंत चतुर्दशी झाल्यानंतरच्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. ती जागेपणी करायची होती. लोक आजही मला प्रथम हेच विचारतात की दुखले का. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत; वेदना त्वचेला, हाडाच्या आवरणाला आणि मेंदूवरील बाहेरच्या आवरणाला होतात. म्हणून डोक्याभोवती भुलीची इंजेक्शने दिली जातात आणि कवटी उघडेपर्यंत रुग्णाला झोपवून ठेवतात. मला जाग आली ती भूलतज्ज्ञांच्या आवाजाने. त्या माझ्या नावाने हाक मारत होत्या आणि डोके हलवू नका, ते घट्ट धरलेले आहे, असे पुन्हा पुन्हा सांगत होत्या. डोळ्यांपुढे निळ्या कापडाचा आडोसा होता, त्याखाली माझा उजवा हात उघडा ठेवलेला मला दिसत होता. डोक्याच्या आत काही चालले आहे अशी जाणीव नव्हती. फक्त मधूनमधून थंड पाणी सोडल्याचा आवाज येई. प्रवाह लावल्याने फिट येऊ लागली तर मेंदूवर थंड सलाईन ओततात, हे मला आधी सांगून ठेवले होते.

माझे काम सोपे होते. एका लयीत उजवी मूठ उघडायची आणि मिटायची, कोपर वाकवायचे आणि सरळ करायचे, आणि त्याच वेळी समोरच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राचे नाव सांगायचे. “ही छत्री आहे. हा कावळा आहे. ही किल्ली आहे.” डॉक्टर दोन टोकांच्या काडीसारख्या विद्युतअग्राने मेंदूच्या पृष्ठभागावर जागोजागी स्पर्श करत होते. प्रवाह दोन-तीन मिलिअँपिअरचा, स्पर्श काही सेकंदांचा. कोणत्या क्षणी स्पर्श होतो आहे हे मला सांगत नसत.

पहिल्यांदा अंगठा हलला तेव्हा मी हात विसावलेला ठेवला होता. अंगठा तळव्याकडे ओढला गेला आणि सुटला. मी तो हलवला नव्हता. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण तो अनुभव सांगायला मला आजही शब्द अपुरे पडतात. दुसऱ्याने माझा अंगठा धरून हलवला असता तर त्याच्या बोटांचा स्पर्श जाणवला असता. इथे स्पर्श नव्हता. स्नायू माझा, ओढ माझ्या आतून, तरी करणारी मी नव्हे. मी म्हटले, “मी नाही केले हे.” आडोशापलीकडून डॉक्टरांचा शांत आवाज आला, “हो, मी केले.” पेनफिल्ड यांच्या रुग्णांनीही त्यांना असेच सांगितले होते, हे मी नंतर वाचले. त्या जागी अंक लिहिलेला एक लहानसा कागदी तुकडा ठेवला गेला. मग मनगट, मग ओठाचा कोपरा. माझा अंगभर पसरलेला देह त्या पट्टीवर एकेका तुकड्याने सापडत होता.

यानंतर उलट प्रकार घडला. मी लयीत मूठ उघडत-मिटत होते आणि मध्येच ती अर्धवट उघडी असताना थांबली. शक्ती गेली असे वाटले नाही, हात गळून पडला नाही. हालचाल जिथे होती तिथेच उभी राहिली. स्पर्श काढताच पुन्हा सुरू झाली. प्रवाहाने हालचाल उत्पन्न करणाऱ्या जागा असतात तशा चालू हालचाल अडवणाऱ्या जागाही असतात, आणि शल्यविशारदाला दोन्ही माहीत असाव्या लागतात.

मग गाठ काढायला सुरुवात झाली. सुमारे दीड तास मी मूठ उघडत-मिटत चित्रांची नावे सांगत राहिले. हळूहळू मूठ मंदावली. चित्र दिसत होते, ती कात्री आहे हे मला कळत होते, पण ‘ही’ हा पहिला शब्द निघायला वेळ लागू लागला. काही वेळाने मूठ थांबली आणि बोलणेही थांबले. भूलतज्ज्ञ म्हणाल्या, “ताई, मूठ उघडा.” मला ती उघडायची होती. ती उघडायची आहे हे मला माझ्या नावाइतके स्पष्ट ठाऊक होते. मूठ तशीच राहिली. तेव्हा डॉक्टरांनी आधी अंक ठेवून खूण केलेल्या हाताच्या जागेला अग्र टेकवले आणि माझी बोटे लगेच हलली. नेहमीसारखी, जोरात. मी ती हलताना पाहिली. पलीकडून डॉक्टर म्हणाले, “वाट शाबूत आहे. काळजी करू नका.”

त्या एका क्षणात माझी एकोणीस वर्षांची आकृती मोडली. मोटर कॉर्टेक्समधील मोठ्या चेतापेशी जागेवर होत्या. तिथून निघणारे तंतू मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छात बाजू ओलांडून मेरुरज्जूमधून हाताच्या स्नायूंपर्यंत जात होते. ही सगळी मजल सुमारे २० मिलिसेकंदांची असते आणि तीही ठीक होती. बाहेरून कोणी कळ दाबली की हात हलत होता. ती कळ आतून दाबणारी जागा तेवढी काढली गेली होती.

शुद्धीवर आले तेव्हा मी अतिदक्षता विभागात होते. त्यानंतरच्या पाच दिवसांविषयी लोकांचा समज असा असतो की मला खूप भीती वाटली असेल. भीती पहिल्या रात्री वाटली, नंतर नाही. त्याहून वेगळे काही होते, आणि ते सांगणे मला महत्त्वाचे वाटते. मी बोलण्याचा खूप प्रयत्न करत होते आणि शब्द अडत होते, असे नव्हते. प्रयत्नच सुरू होत नव्हता. तहान लागली आहे, पाणी उजवीकडच्या टेबलावर आहे, ते मागायला हवे, हे सगळे समजत असे. आणि त्या समजण्यापुढे काहीच घडत नसे. बाहेरून पाहणाऱ्याला मी उदासीन दिसले असणार. एका पाळीच्या परिचारिकेने माझ्या कागदावर ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ अशी नोंद केली, ती मी पडल्या पडल्या वाचली. भेटायला आलेल्या एका जवळच्या नातेवाइकांनी माझा हात हातात घेऊन म्हटले, “मनावर घे म्हणजे हलेल.” त्यांचे प्रेम खोटे नव्हते. पण मनावर मी केव्हाच घेतले होते. जे घेतले होते ते हातापर्यंत पोहोचवणारा मधला दुवा नव्हता, आणि तो नाही हे सांगायला मला तोंडही उघडता येत नव्हते. त्या वाक्यांनी मला जेवढे दुखावले तेवढे टाक्यांनीही दुखावले नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सासूबाई माझ्याजवळ बसल्या होत्या. दिवेलागणीची वेळ झाली तशी त्यांनी डोळे मिटून सवयीने पुटपुटायला सुरुवात केली, “शुभं करोति कल्याणम्…” आणि माझ्या तोंडून निघाले, “आरोग्यं धनसंपदा.” त्यांनी दचकून डोळे उघडले. त्या पुढचे म्हणाल्या, मीही म्हटले. ‘शत्रुबुद्धिविनाशाय’ स्पष्ट, एकही अक्षर न गळता. श्लोक संपला आणि मी पुन्हा गप्प झाले. त्यांनी विचारले, “सुनबाई, काही हवंय का?” मला उत्तर देता आले नाही. सासूबाईंना वाटले देवानेच वाचा दिली आणि पुन्हा काढून घेतली. सकाळी डॉक्टरांना हे सांगितले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. कोणीतरी सुरुवात करून दिली, तर पाठ असलेले किंवा ऐकलेले म्हणता येते. स्वतः आरंभ करून वाक्य रचता येत नाही, हे या अवस्थेचे लक्षणच आहे, असे ते म्हणाले. त्यांनी सासूबाईंना रोज दोन वेळा श्लोक म्हणायला सांगितले.

हाताच्या बाबतीतही हेच दिसले. सातव्या दिवशी जेवणाच्या ताटातील स्टीलचा पेला कलंडून पलंगाच्या कडेकडे घरंगळला आणि माझ्या उजव्या हाताने झेप घेऊन तो अडवला. त्याआधी अर्धा तास फिजिओथेरपिस्ट त्याच हाताला उचला म्हणून सांगत होत्या आणि तो चादरीवर पडून होता. पेला अडवल्यावर मी हाताकडे पाहत राहिले. पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, तो उठला नाही.

यामागचे कारण मी नंतर नीट समजून घेतले. हालचाल ठरवणारे भाग मेंदूत अनेक आहेत. मोटर कॉर्टेक्सच्या पुढे, गोलार्धाच्या बाहेरच्या अंगाला, प्रीमोटर कॉर्टेक्स असतो. डोळ्यांना दिसणाऱ्या, कानांना ऐकू येणाऱ्या गोष्टींवरून हालचाल जुळवण्यात त्याचा वाटा मोठा. मधल्या फटीतील एसएमएचा वाटा मोठा असतो तो आतून, आठवणीतून, आपल्या मनाने सुरू करायच्या हालचालींत, त्यातही एकामागून एक करायच्या क्रमात. जपानमध्ये तांजी आणि शिमा यांनी १९९४ मध्ये माकडांना एक हँडल ढकलणे, ओढणे आणि फिरवणे असा क्रम शिकवला. तेव्हा एसएमएमधील काही चेतापेशी फक्त विशिष्ट क्रम आठवणीतून करायचा असतानाच जाग्या होत. रंगीत दिव्याने एकेक पायरी दाखवली की त्या तशा जाग्या होत नसत. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे कॉर्नहूबर आणि डेके यांनी १९६५ मध्येच दाखवले होते की माणूस आपल्या मनाने बोट हलवतो, त्याच्या एक सेकंदाहूनही आधी डोक्याच्या वरच्या मध्यभागी विद्युतक्षमतेत मंद चढ सुरू होतो. तो चढ ज्या भागातून मुख्यतः उगम पावतो त्यात एसएमए येतो. माझ्यात तो डाव्या बाजूला उगम पावत नव्हता. पेल्याने मात्र बाहेरून हाक मारली होती.

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई वयाने लहान, पण त्यांनी हे माझ्याआधी ओळखले होते. आठव्या दिवसापासून त्यांनी “उचला” म्हणणे सोडून दिले. त्या टाळी वाजवत आणि टाळीसरशी हात उचलायचा; मऊ चेंडू टाकत आणि तो झेलायचा. उजवा पाय चालताना जमिनीला चिकटल्यासारखा होई, तेव्हा त्यांनी फरशीवर लाल चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. रेघ दिसली की पाय ती ओलांडत असे. रेघा संपल्या की पाय थांबे. घरी आल्यावर यजमानांनी आमच्या ओसरीवरही तशा रेघा मारून घेतल्या. मोबाइलमध्ये लय देणारा ठोका लावून त्यावर केस विंचरणे, चमचा तोंडाशी नेणे हे चालू झाले. दोन आठवड्यांत एकेक शब्द आपण होऊन येऊ लागला. पहिला कोणता ते मला आठवत नाही. मुलगा म्हणतो ‘पंखा’.

दिवाळीत, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर साधारण पाच आठवड्यांनी, घडलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. दरवर्षी दारात रांगोळी मीच काढत असे. त्या वर्षी सासूबाईंनी गेरू सारवून दिला आणि मी पाटावर बसले. चिमटीत रांगोळी धरली. मला दरवर्षीप्रमाणे मुक्तहस्त वेल काढायची होती. ती डोळ्यांपुढे स्पष्ट दिसत होती. चिमूट जमिनीवर वीतभर अंतरावर तशीच राहिली. रांगोळी गळत नव्हती, हात थरथरत नव्हता. कितीतरी वेळ गेला. मुलगा आतून ठिपक्यांचा कागद घेऊन आला आणि त्याने भराभर पंधरा ते आठ ठिपके टाकून दिले. पहिल्या ठिपक्यावर चिमूट टेकली आणि दुसऱ्यापर्यंत रेघ ओढली गेली. मग तिसऱ्यापर्यंत. प्रत्येक ठिपका पुढच्या हालचालीला बोलावत होता. रेघा जाड-बारीक आल्या, पण तासाभरात संपूर्ण रांगोळी झाली. ठिपके ही नवशिक्यांची सोय आहे असे मी आजवर मानत आले होते. त्या दिवशी त्या ठिपक्यांनी माझ्या मेंदूत गेलेल्या भागाचे काम जमिनीवर करून दिले.

त्याच काळात मी डाव्या हाताने लिहून पाहत होते. डावा हात कधीच शिकलेला नव्हता, अक्षर वेडेवाकडे येई; पण ‘श’ची गाठ आणि ‘ळ’चा कल माझाच होता. फळ्यावर लिहिताना खांदा आणि कोपर हलतात, वहीत लिहिताना बोटे आणि मनगट. स्नायू वेगळे, तरी अक्षर एकाच माणसाचे असते. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी याकडे फार पूर्वी लक्ष वेधले होते. हालचालीचा आराखडा एखाद्या ठरावीक स्नायूला बांधलेला नसतो, तो त्याहून वरच्या पातळीवर असतो. त्याला प्रत्यक्षात आणताना मोटर कॉर्टेक्समधील एकच पेशी हुकूम देते असेही नाही. अपोस्टोलोस जॉर्गोपुलोस यांनी १९८० च्या दशकात माकडांच्या हाताच्या हालचालींवर काम करताना दाखवले की प्रत्येक पेशीला एक आवडती दिशा असते, पण ती आजूबाजूच्या दिशांनाही कमी-अधिक साद देते. हात कोणत्या दिशेला जाणार हे अशा पुष्कळ पेशींच्या एकत्रित कौलावरून समजते. शिवाय हात हलण्याच्या आधी, तयारीच्या काळातही या पेशी काम करत असतात आणि तरी स्नायू स्वस्थ राहतात. म्हणजे आराखडा एकीकडे आणि अंमल दुसरीकडे अशी स्वच्छ वाटणीही मेंदूत नाही. २०२३ मध्ये तर अमेरिकेतील सेंट लुइस येथील संशोधकांनी पेनफिल्ड यांच्या पट्टीतच पाय, हात आणि तोंड यांच्या जागांच्या मध्ये असे भाग दाखवले, जे एका अवयवाचे नसून सगळ्या शरीराच्या कृतीची जुळणी करण्यात गुंतलेले दिसतात. मी तेव्हा नुकतीच शाळेत परतले होते. पुढच्या वेळी धडा शिकवताना फळ्यावरचा बाण मी मेंदूतून एकदम सोडला नाही. आधी मेंदूच्या आतच तीन-चार बाण परस्परांत काढले. एका मुलाने विचारले, “बाई, मग सुरुवात कुठून होते?” मी त्याला माझ्या रांगोळीची गोष्ट सांगितली.

हात सात आठवड्यांत बराचसा आपण होऊन चालू लागला. उरलेल्या निरोगी भागांनी, विशेषतः उजव्या गोलार्धातील एसएमएने, दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंमधून हातभार लावला असावा, असे डॉक्टरांनी समजावले. गाठीवरील पुढच्या उपचारांची हकिकत निराळी आहे आणि ती इथे सांगत नाही. चेहऱ्याचे मात्र सांगायला हवे. मनापासून हसू आले की तोंडाची उजवी बाजू मागे राहत असे. फोटो काढणाऱ्याने “हसा” म्हटले की दोन्ही बाजू सारख्या हलत. तेही सहा महिन्यांत सुधारले.

राहिले ते दोन हातांचे एकमेकांशी नाते. तपासणीला गेले की डॉक्टर एक मूठ मिटून दुसरी उघडायला आणि मग आलटून-पालटून तसे करायला सांगतात. चार वेळा जमते, पाचव्या वेळी दोन्ही मुठी एकदम मिटतात. घरात हे विळीवर कळते. एका हाताने भाजी पुढे सरकवायची आणि दुसऱ्याने धरून दाबायची, यात दोघांची कामे वेगळी असतात. आता मी चाकू आणि लाकडी पाट वापरते. नारळ खवणे मुलाकडे दिले आहे. पोळी लाटताना लाटण्याची लय धरली की दोन्ही हात बरोबर चालतात आणि पोळी आपोआप गोल फिरते. मागून कोणी हाक मारली की उजवा हात लाटण्यावर तसाच थांबतो. मग मी डाव्या हाताने पोळपाटाच्या कडेवर हलकेच एक ठोका देते. उजवा हात पुन्हा चालू लागतो.